एक्स-रे टेक्निशियन आहे, नववा आठवडा चालू आहे. कामावर आत्ताच सांगू का? (मदत हवी आहे)

काळी_फिल्म

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहिते पहिल्यांदाच. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी २७ वर्षांची, एका तालुक्याच्या गावी ४० खाटांच्या खासगी दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन. दवाखाना मुख्यतः हाडांचा. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉलीचे अपघात, बाकी वर्षभर मोटारसायकली आणि न्हाणीत घसरलेल्या आज्या. एक फिक्स मशीन, एक पोर्टेबल, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) सी-आर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असताना हाड पडद्यावर दाखवणारं एक्स-रे मशीन. माणसं दोनच. एक दादा रात्री, मी दिवसा. ऑपरेशनं दिवसा होतात म्हणून सी-आर्म जवळजवळ सगळा माझ्याकडे. कधी आठवड्याला दोन केसेस, कधी एका दिवसात चार.

मला नववा आठवडा चालू आहे. सोनोग्राफी झाली, ठोके व्यवस्थित आहेत. कामावर कुणाला सांगितलेलं नाही. आई आणि सासूबाई दोघींचं म्हणणं एकच, तीन महिने भरेपर्यंत बाहेर बोलायचं नाही.

मी हे हसण्यावारी नेणार नाही. दोन वर्षांपूर्वी सातव्या आठवड्यात एकदा राहिलं नाही. तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. परत कामावर गेले तर सिस्टरपासून औषधाच्या दुकानातल्या मुलापर्यंत प्रत्येकाने एकच विचारलं, "पोर्टेबल करत होतीस का गं?" त्यानंतर मी ठरवलं होतं की पुढच्या वेळी कुणाला काही सांगायचं नाही.

पण डिप्लोमाला शिकवलेलं आठवतं की बाईने कळवल्यावर तिला वेगळी मर्यादा लागू होते. म्हणजे न कळवता मी काय करतेय?

टीएलडी बॅज (अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा बिल्ला) आहे. म्हणजे दवाखान्यात आलेला आहे. असतो मॅनेजरच्या कपाटात, कारण हरवला तर पैसे भरावे लागतात. तिमाही संपली की परत पाठवतात आणि रिपोर्ट शून्य येतो. येणारच, कपाटात कोण एक्स-रे काढतंय. लेड ॲप्रन दोन आहेत, त्यातला एक बहुधा माझ्याहून जुना.

सांगितलं आणि "मग उद्यापासून नको येऊस" म्हणाले तर? पगार १४,५०० आहे, घराचा हप्ता त्यातूनच जातो. कृपया "नोकरी सोड" एवढाच सल्ला देऊ नका.

---

जुना_डार्करूमवाला

ताई, मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्यांत एक्स-रे काढून निवृत्त झालो. हायपोमध्ये फिल्म बुडवून पेशंटच्या हातात ओलीच देण्याच्या काळापासून.

आधी तुमच्या शिकवणीतलं वाक्य. ते बरोबर आहे. एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, आपल्यासारख्या कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं माप) आणि कुठल्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३० अशी मर्यादा घालतं. बाईने गरोदर असल्याचं कळवलं की तिथून बाळंत होईपर्यंत पोटातल्या बाळाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त पोचता कामा नये. सामान्य नागरिकाला वर्षाची मर्यादा तेवढीच. यातला कळीचा शब्द "कळवलं की" हा आहे. तुम्ही गप्प बसलात तर मालकाच्या लेखी तुम्ही वीसवाल्या, आणि तो नियम मोडतोय असं कुणी म्हणू शकत नाही. सासूबाईंचे तीन महिने आणि नियमाचा पहिला दिवस यांची सांगड बसत नाही, त्याला इलाज नाही.

आता काम. फिक्स रूमची काळजी सोडा. पॅनलच्या आड उभं राहून दार लावून एक्स्पोजर दिलं तर तिथे बॅजवर फारसं काही उमटत नाही. आयुष्यभर माझे रिपोर्ट शून्याच्या आसपासच होते, आणि माझा बॅज कपाटात नव्हता.

पोर्टेबलला कॉर्ड पूर्ण ताणून घ्यायची, निदान दोन मीटर लांब. एक मीटरवर जेवढा स्कॅटर (पेशंटच्या अंगावरून उसळणारे किरण) मिळतो त्याच्या चौथाई दोन मीटरवर. वॉर्डात सिस्टरला "बाजूला व्हा" म्हणून ओरडायची लाज वाटते, ती सोडा. आणि पेशंट धरायचा नाही. लहान मूल रडतंय, आई घाबरली आहे, मग टेक्निशियनच पाय धरून ठेवते, हे मी शंभरदा पाहिलंय. धरायचं नातेवाइकाने, ॲप्रन घालून, आणि ते नातेवाईकही गरोदर नसावेत. आपण रोज धरायला लागलो तर वर्षाचा हिशेब करा.

खरा प्रश्न सी-आर्मचा. ट्यूब खाली, डिटेक्टर वर आणि पेशंटला शक्य तितका चिकटून. पेशंटच्या अंगावरून जो स्कॅटर परत येतो तो ट्यूबच्या बाजूला जास्त असतो. म्हणून लॅटरल (आडवं, बाजूने चित्र) घेताना नेहमी डिटेक्टरच्या बाजूला उभं राहायचं. बऱ्याच ओटींत टेक्निशियन जागा मिळेल तिथे उभा असतो आणि ती नेमकी ट्यूबच्या मागे असते. पायाचं पॅडल सर्जनकडे द्या, तुम्ही मॉनिटरपाशी भिंतीकडे थांबा. ॲंगल बदलायचा असेल तेव्हाच पुढे या.

जुना ॲप्रन सी-आर्मखाली पसरून एकदा स्क्रीनिंग करून बघा (दादांना करू द्या). घडी घालून ठेवलेल्या ॲप्रनला घडीवरच चिरा जातात, बाहेरून कळतही नाही. ॲप्रन टांगायचा असतो.

---

मनमोकळा_माणूस

नोकरी सोडा. आरोग्यापेक्षा मोठं काही नाही. रेडिएशन म्हणजे रेडिएशन.

---

प्रसूतिकक्ष

वरच्या सल्ल्याकडे लक्ष देऊ नकोस. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस.

बाळाच्या मेंदूच्या दृष्टीने गर्भधारणेपासून ८ ते १५ आठवडे (पाळीपासून मोजले तर साधारण १० ते १७) हा सर्वांत नाजूक काळ, म्हणजे तू अगदी त्याच्या उंबरठ्यावर आहेस. पण व्यंग किंवा मेंदूवर परिणाम यांची चर्चा सुरू होते ती साधारण १०० मिलिग्रेच्या वर. एक्स-रेसाठी मिलिग्रे आणि मिलिसिव्हर्ट एकच धरलेस तरी चालेल. तुझी मर्यादा १, धोक्याची चर्चा १०० ला. निसर्गाकडूनच, माती, दगड, हवा, आकाश यांतून, माणसाला जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. केरळात करुनागापल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळे त्याहून पुष्कळ जास्त मिळतं आणि तिथेही बाया बाळंत होतातच.

मागच्या वेळच्याबद्दल. लक्षात आलेल्या गरोदरपणांपैकी १० ते २० टक्के पहिल्या तीन महिन्यांत राहत नाहीत. त्यातल्या साधारण निम्म्यांत गुणसूत्रांतच गडबड असते. सातव्या आठवड्यात जे झालं ते पोर्टेबलमुळे झालं असं म्हणायला काडीचा आधार नाही. हे तुझ्या स्टाफला कुणी सांगायला हवं होतं. ओपीडीत मी रोज ऐकते, पपई खाल्ली, गाडीवर बसली, भांडं उचललं. बाईला दोष द्यायला आपल्याकडे कारण पटकन सापडतं.

रेडिएशनइतकीच मला पेशंट उचलण्याची काळजी वाटते. कमरेचं फ्रॅक्चर असलेला ८० किलोचा माणूस ट्रॉलीवरून टेबलावर घ्यायला यापुढे वॉर्डबॉय आणि मामा. तू नाही. ॲप्रन दोन तुकड्यांचा मिळाला तर बघ, खांद्यावरचा भार कमरेवर वाटला जातो.

---

पायरीवरची

मी सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी नवी मुलगी आली, "तिला शिकव" म्हणाले. महिनाअखेर मला "परफॉर्मन्स"चं पत्र. माझ्याकडे लेखी काहीच नव्हतं. सगळं तोंडी. सांगायचं तर कागदावर सांग, नाहीतर सांगूच नको.

---

हिशेबनीस

पायरीवरच्या ताईंच्या अनुभवाला धरून. मी खासगी कंपनीत पगार-पत्रकं करतो, दवाखान्यांचीही केली आहेत.

पगारचिठ्ठीवर ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) कपात आहे का बघा. पगाराच्या ०.७५ टक्के तुमचे, ३.२५ टक्के मालकाचे. महिना २१,००० पर्यंत पगार असेल आणि दवाखाना ईएसआयखाली असेल तर बाळंतपणाच्या २६ आठवड्यांच्या रजेचा पैसा ईएसआय देतं, मालक नाही. त्यासाठी मागच्या सलग दोन वर्गणी-काळांत (प्रत्येकी सहा महिन्यांचे) मिळून ७० दिवसांची वर्गणी हवी. काही वर्षं कपात झाली असेल तर प्रश्नच नाही. कितीतरी डॉक्टर-मालकांना हे ठाऊकच नसतं. सहा महिन्यांचा पगार बसून द्यावा लागणार या धास्तीनेच ते बाई गरोदर झाली की चुळबुळ करतात. बोलण्याची सुरुवात इथून करा.

ईएसआय नसेल तर रजेचा भार मालकावर. १९६१ च्या कायद्यात १२ आठवडे होते, २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६. दहा किंवा जास्त माणसं कामाला असली आणि मागच्या १२ महिन्यांत तुमचे ८० दिवस भरले असले की झालं. ती द्यावी लागू नये म्हणून आधीच काढून टाकलं तरी हक्क बुडत नाही, पण भांडायला कागद लागतो. अर्ज दोन प्रतींत, एका प्रतीवर आवक शिक्का. व्हॉट्सॲपवर पाठवला तरी ईमेलही करा.

---

काळी_फिल्म

सगळ्यांचे आभार. डॉक्टर मॅडम, तुमचा प्रतिसाद मी जेवणाच्या सुट्टीत चेंजिंग रूममध्ये वाचला आणि मग तोंड धुऊन बाहेर आले.

ईएसआय कपात आहे. चार वर्षांत पगारचिठ्ठी नीट वाचली नव्हती.

एक अडचण. पत्र कुणाच्या नावाने द्यायचं? रेडिएशन सेफ्टी ऑफिसर म्हणून ज्यांचं नाव भिंतीवरच्या फ्रेममध्ये आहे ते आमचे जुने सीनियर, आठ महिन्यांपूर्वी दुसऱ्या शहरात गेले. फ्रेम तशीच आहे.

आणि मावशी म्हणतात एक्स-रेवाल्यांना मुलीच होतात. मला मुलगीच हवी आहे, त्यामुळे त्यावर वाद घातला नाही.

---

जुना_डार्करूमवाला

हाहा. मला दोन मुलगे. मावशींना सांगा.

पत्र दवाखान्याच्या मालकाच्या नावाने द्या, कारण लायसन्स त्याच्या नावावर आहे आणि शेवटी जबाबदारी त्याचीच. आरएसओ (रेडिएशन सेफ्टी ऑफिसर) नाही हा त्याचा घोळ, एईआरबीच्या ई-लोरा पोर्टलवर नवीन माणूस त्यालाच नेमावा लागेल. पण पत्रात त्याचा उल्लेखही करू नका. एका पत्रात एकच काम. "मी गरोदर आहे, अपेक्षित तारीख अमुक, नियमाप्रमाणे कामाची फेररचना व्हावी आणि माझा टीएलडी बॅज मला रोज वापरायला मिळावा." संपलं. "मला कामावरून दूर ठेवा" असं चुकूनही लिहू नका. गरोदर आहे म्हणून कामावरून काढायचं असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे नियमही म्हणत नाहीत, उलट तसं करू नका असंच म्हणतात.

---

प्रसूतिकक्ष

आणि घरच्यांचं. सासूबाईंना म्हण, गावाला सांगायचं नाहीये, दोनच माणसांना सांगायचंय, मालक आणि रात्रपाळीचे दादा. तीन महिन्यांचा नियम बाहेरच्यांसाठी असतो. डॉक्टरला आपण पहिल्या दिवशी सांगतोच ना?

---

काळी_फिल्म

बारा दिवसांनी लिहितेय.

सासूबाईंना डॉक्टर मॅडमचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "मग त्या मॅनेजरला नको सांगू, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही." तेवढं पाळलं. पत्र थेट मोठ्या सरांना दिलं, शिक्का रिसेप्शनवर मारून घेतला. शिक्का मारणाऱ्या मुलीने पत्र वाचलंच, त्यामुळे सगळ्यांना कळायला एक दिवस लागला. असो.

सर आधी गप्प. मग ईएसआयचं सांगितल्यावर म्हणाले, "असं असतं होय?" लगेच अकाउंटंटला फोन. ओटीचं वेळापत्रक बदललं आहे, सी-आर्मच्या ठरलेल्या केसेस दुपारी चारनंतर, दादा लवकर येणार. दादांनी त्याबद्दल जादा पैसे मागितले आणि ते त्यांना मिळाले, मला वाईट वाटलं नाही. मला फिक्स रूम आणि अगदीच अडलं तर पोर्टेबल. काल इमर्जन्सी आली, सरांनी ओटीतून हाक मारली, मी दारातच उभी राहिले. त्यांनी पाहिलं, "हां हां, राहू दे" म्हणाले आणि असिस्टंटला सी-आर्म सरकवायला लावला. चित्र तिरकं आलं. मला आतून फार त्रास झाला, पण पाय हलवला नाही.

जुना ॲप्रन दादांनी तपासला. पोटाच्या जागी आडवी चीर, वीतभर. नवीन मागवलाय.

बॅज मिळाला. ॲप्रनच्या आत, छातीवर लावते. आता प्रश्न असा की घरी जाताना तो कुठे ठेवायचा? दादा म्हणतात एक्स-रे रूममध्येच ॲप्रनला लावून जा.

---

जुना_डार्करूमवाला

अजिबात नको! दादा रात्रभर त्याच रूममध्ये एक्स्पोजर देणार आणि ते सगळं तुमच्या नावावर चढणार. कंट्रोल बॅज (तुलनेसाठी कुणीच न वापरता ठेवलेला) ठेवतात तिथे ठेवा, रेडिएशनपासून लांब. तो कुठे आहे तुमच्याकडे?

---

काळी_फिल्म

मॅनेजरच्या कपाटात. 😄