आयोनिक ६ चं रूप: हवेनं घडवलं की बिघडवलं?

कोनमापक (धागाकर्ता)

ह्युंदाईची आयोनिक ६ ही चार दारांची इलेक्ट्रिक सेडान २०२२ मध्ये आली तेव्हापासून तिच्या दिसण्यावरून दोन तट पडले आहेत. २०२५ मध्ये तिचा चेहरामोहरा बदलला, तरी वाद मिटलेला नाही. एका बाजूला "किती सुंदर, एका झटक्यात ओढलेली रेषा", दुसऱ्या बाजूला "पाठीत वाकलेली, शेपूट ओढलेली गाडी".

माझी बाजू सुरुवातीलाच सांगतो. मला ती आवडते, कारण तिच्या पत्र्यावरच्या जवळजवळ प्रत्येक वळणाला काम आहे. मूळ मॉडेलची लांबी ४,८५५ मिमी, रुंदी १,८८०, उंची १,४९५ आणि दोन चाकांमधलं अंतर २,९५०. हवेचा रोध गुणांक ०.२१ (हा आकडा जितका कमी, तितकी गाडी हवेला कमी अडते). आता हीच बॅटरी (७७.४ युनिट, म्हणजे किलोवॅट-तास) आणि हीच १६८ किलोवॅटची मागची मोटर तेव्हाच्या आयोनिक ५ मध्येही होती. ती उभट, चौकोनी गाडी, रोध ०.२८८. एका चार्जमध्ये युरोपीय चाचणीचा पल्ला आयोनिक ५ चा ५०७ किमी होता, आयोनिक ६ चा ६१४. शंभर किलोमीटरहून जास्त फरक पडला, आणि त्यातला मोठा वाटा आकाराचा आहे.

ज्यांना ती आवडत नाही त्यांनी नेमकं काय खटकतं ते सांगावं. "बघवत नाही" एवढ्यावर चर्चा पुढे सरकत नाही.

पेन्सिल२बी

नेमकं सांगते.

सेडान डोळ्याला कशी भावते? बॉनेट, केबिन, डिकी असे तीन भाग दिसतात आणि वजन मागच्या चाकावर टेकल्यासारखं वाटतं. इथे छपराची कमान पुढच्या सीटच्या डोक्यावर सर्वात उंच आहे आणि तिथून थेट शेपटीपर्यंत उतरत जाते. मागची काच इतकी मागे गेली आहे की डिकीचं झाकण असं वेगळं दिसतच नाही. लांबीतून चाकांमधलं अंतर वजा केलं तर १,९०५ मिमी उरतात, म्हणजे चाकांच्या पुढे-मागे लोंबणारा भाग. त्यातला मोठा हिस्सा मागे आहे. बॉनेट आखूड, मधला भाग लांबलचक आणि मागे शेपूट. बाजूने पाहिलं की गाडी मधोमध उचलून दोन्ही टोकांना खाली वाकवल्यासारखी दिसते.

दुसरं, मूळ मॉडेलच्या मागे दोन-दोन स्पॉयलर होते. एक डिकीच्या कडेला बदकाच्या शेपटीसारखा वर वळलेला, दुसरा त्याच्या वर, काचेच्या पायथ्याशी, आत ब्रेकच्या दिव्याचे चौकोनी ठिपके असलेला. एकाच नजरेत दोन आडव्या रेषा, आणि दोघींची वक्रता निराळी. डोळा ठरतच नाही कुठे. २०२५ मध्ये कंपनीनेच वरचा स्पॉयलर काढून टाकला. मग तो इतका गरजेचा कसा म्हणायचा?

हवा_आणि_पत्रा

पेन्सिल२बी, वरचा काढला हे खरं, पण खालची शेपटी मागे वाढवली हेही सांगा. गुणांक ०.२१ च राहिला. म्हणजे काम तेच, फक्त ते दुसऱ्या भागावर सोपवलं.

ती शेपटी का लागते ते समजून घ्या. छपरावरून वाहणारी हवा पत्र्याला धरून खाली आली पाहिजे. उतार साधारण १०-१२ अंशांच्या आत असेल तर ती सहसा चिकटून राहते. त्यापुढे उतार तीव्र होत गेला की दोन्ही कडांना भोवरे तयार होतात आणि रोध चढतच जातो. पवनबोगद्यात वापरतात त्या साध्या ठोकळ्याच्या मॉडेलवर ३० अंशांच्या आसपास रोध सर्वात जास्त भरतो. त्यापुढे हवा एकदम सुटते आणि आकडा पुन्हा खाली येतो. कारच्या मागच्या काचेचा कोन नेमका याच अडचणीच्या पट्ट्यात पडू शकतो. म्हणून उतार लांब आणि हलका ठेवायचा आणि शेवटी हवा एका धारदार कडेवर तोडायची. शेपटी गोल ठेवली तर हवा कुठे सुटेल याचा भरवसा नसतो, शिवाय मागचं टोक उचललं जातं. ऑडी टीटी १९९८ मध्ये गोल पाठीनिशी आली. वेगात झालेल्या अपघातांनंतर तिच्या मागे छोटा स्पॉयलर लावावा लागला आणि सस्पेन्शनही बदलावं लागलं.

आयोनिक ६ मागच्या बंपरकडे निमुळती होत जाते तीही याचसाठी. नावेचा मागचा भाग निमुळता असतो, तसंच.

डिकीभर

हवेचं गणित मान्य. पण गाडीत हवा बसत नाही, माणसं बसतात.

बॅटरी जमिनीखाली असल्यामुळे पाय ठेवायची जागा वर येते. सीट त्या प्रमाणात वर घेतली तर डोकं छपराला लागतं, कारण छप्पर नेमकं तिथेच उतरतंय. सीट खाली ठेवली तर गुडघे वर येतात आणि मांडीखाली आधार राहत नाही. आयोनिक ५ ची उंची १,६०५ मिमी, इथे ११० मिमी कमी. पाय पसरायला जागा भरपूर आहे, त्यात वाद नाही. पण उंच माणसाला मागे मान वाकवायला लागत असेल तर पायाखालच्या त्या जागेचं करायचं काय?

आणि डिकी. ४०१ लिटर म्हणजे तशी ठीक, आयोनिक ५ मध्ये ५२७. खरी अडचण आकड्यात नाही, तोंडात आहे. काच मागेपर्यंत आल्यामुळे झाकण आखूड राहिलं, म्हणून उघडणारा भाग अरुंद. आत जागा असूनही मोठी बॅग आडवी-तिडवी करून घालावी लागते. पाठ इतकी उतरती केलीच होती तर काचेसकट वर उघडणारं पाचवं दार द्यायचं होतं. रूप फास्टबॅकचं, म्हणजे छपरापासून शेपटीपर्यंत सलग उतरणाऱ्या पाठीचं, आणि झाकण सेडानचं, म्हणजे दोन्हीकडचे तोटे पदरात.

कोनमापक

डिकीभर, तोंडाचा मुद्दा पूर्ण मान्य. पाचव्या दाराला मात्र किंमत आहे. बिजागऱ्या छपरात जातात, म्हणजे मागच्या माणसाच्या डोक्यावरच आणखी जाडी येते. शिवाय डिकी आणि केबिन यांच्यामधली आडवी पट्टी गेली की बॉडीचा ताठपणा राखायला दुसरीकडे पत्रा वाढवावा लागतो, आणि मागच्या टायरचा आवाजही सरळ आत येतो. तरीही मी असतो तर दार दिलं असतं.

चौथा_गिअर

सगळे ०.२१ ची आरती करताहेत म्हणून दोन आकडे ठेवतो.

समोरचं क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर धरा, हवेची घनता १.२. ताशी १२० किमीला ०.२१ च्या गाडीला हवा कापायला साधारण १०.३ किलोवॅट लागतात, ०.२८८ च्या गाडीला १४.१. क्षेत्रफळ दोन्हीकडे सारखंच धरलंय, उभट गाडीचं ते प्रत्यक्षात जास्त असतं. शंभर किलोमीटरला तीन युनिटच्या वर फरक पडतो. हा मोठा आहे, नाकारत नाही.

आता वेग ५० करा. ०.७४ विरुद्ध १.०२ किलोवॅट. फरक पाव किलोवॅटच्या जरा वर. त्याच वेगाला दोन टनी गाडीचे टायर नुसते लोळवायला अडीच किलोवॅटच्या आसपास जातात, आणि एसी किंवा हीटर त्याशिवाय. म्हणजे जी गाडी बहुतांश वेळ सिग्नल ते सिग्नल फिरते तिच्या मालकानं मागच्या सीटवरची डोक्याची जागा कशाच्या बदल्यात दिली? जवळजवळ कशाच्याच नाही. कुटुंबाची गाडी म्हणून विकायची असेल तर हा प्रश्न विचारायलाच हवा.

हवा_आणि_पत्रा

हिशेब बरोबर, निष्कर्ष अर्धा. शहरात पल्ला संपायची भीती नसतेच, ती लांबच्या प्रवासात असते. शहरात गाडी ब्रेक लावताना बरीच वीज परत मिळवते. हवेला दिलेली वीज मात्र परत येत नाही. युरोपीय चाचणीतसुद्धा शेवटचा टप्पा ताशी १३१ किमीपर्यंत जातो. जिथे चार्जिंगला थांबावं लागतं, नेमका तिथेच हा आकार कामाला येतो.

रेषा_आणि_रंध्र

पेन्सिल२बी यांच्या बाजूने एक मुद्दा, जो अजून कोणी मांडला नाही.

कमी रोधासाठी असंच दिसावं लागतं हे मला मान्य नाही. मर्सिडीजची ए-क्लास सेडान २०१८ मध्ये ०.२२ गुणांकाची आली. समोरचं क्षेत्रफळ २.१९ चौरस मीटर, लांबी ४,५४९, उंची १,४४६, डिकी ४२० लिटर. तिच्याकडे बघा: बॉनेट वेगळं, केबिन वेगळी, डिकी वेगळी, तीन पेट्या स्वच्छ दिसतात. त्याआधी १९८२ ची ऑडी १०० घ्या. ०.३० हा तेव्हा थक्क करणारा आकडा होता. तो काच पत्र्याच्या पातळीत बसवून, सांधे आवळून, कोपऱ्यांच्या त्रिज्या नीट राखून मिळवला. पाठ वाकवली नाही. रोध कमी होतो तो बराचसा न दिसणाऱ्या जागी: खालचं सपाट आवरण, चाकापुढची हवेची फट, बंपरमधली उघड-मीट करणारी झडप, टायरपुढचे छोटे अडसर. यातलं बहुतेक आयोनिक ६ मध्येही आहे. मग उरलेल्या थोड्याशा फायद्यासाठी पाठीचा बळी दिला, असंच म्हणावं लागेल.

कोनमापक

हा आतापर्यंतचा सर्वात चांगला आक्षेप. पण ए-क्लासची उंची बघा, १,४४६. तिच्या जमिनीखाली बॅटरीचा थर नाही, म्हणून माणसं खाली बसू शकतात आणि छप्पर सुरुवातीपासूनच खाली ठेवता येतं. आयोनिक ६ ला छप्पर ४९ मिमी वर न्यावं लागलं. उंच शिखरावरून हवा त्याच हलक्या कोनात खाली आणायची तर उतार लांबणारच. लांब पाठ ही हौस नाही, बॅटरीची जाडी तिथे येऊन दिसते.

पेन्सिल२बी

हे कारण पटलं. तरी कारण कळलं म्हणून रूप सुंदर होत नाही.

जुनाखिळा

वाद नवा नाही. क्रायस्लर एअरफ्लो १९३४ मध्ये हवेचा अभ्यास करून आली आणि लोकांनी ती नाकारली. फोर्ड सिएरा १९८२ मध्ये चौकोनी कॉर्टिनाच्या जागी आली, गुणांक ०.३४. तिला जेलीच्या साच्याची उपमा दिली गेली, सुरुवातीला गिऱ्हाईक बिचकलं, आणि काही वर्षांत तोच गोलावा सगळ्यांच्या गाड्यांवर दिसायला लागला. आडव्या वाऱ्यात ती डगमगते ही तक्रार मात्र खरी होती. त्यावर इलाज निघाला तो मागच्या बाजूच्या काचांच्या रबरावर छोट्या उभ्या कडा देण्याचा. डोळ्याला सवय व्हायला वेळ द्या, एवढंच म्हणणं.

रेषा_आणि_रंध्र

जुनाखिळा, सवय होते हा नियम नाही. एअरफ्लोची सवय कुणालाच झाली नाही. फोर्ड टॉरसचं उदाहरण तर दोन्ही बाजूंचं आहे. १९८६ ची गोलसर टॉरस लोकांनी उचलून धरली. १९९६ मध्ये तीच गाडी मागच्या काचेपर्यंत लंबगोलाकार केली, आणि १९९७ मध्ये अमेरिकेतल्या सर्वाधिक खपाच्या कारचा मान टोयोटा कॅमरीकडे गेला. हवेचं कारण १९८६ मध्येही होतं. हात कुठे थांबवायचा हे दुसऱ्या वेळी चुकलं.

डिकीभर

प्रत्यक्ष बघायला जाणाऱ्यांसाठी लिहितो, बाकी वाद चालू द्या.

फोटोवरून ठरवू नका. मोबाइलची रुंद लेन्स जवळून धरली की पुढचा भाग फुगतो आणि शेपूट आणखी ओघळते. दहा-बारा पावलं मागे जा आणि डोळा दाराच्या हँडलच्या उंचीला आणून बाजूने बघा. मग पुढची सीट तुमच्या चालवण्याच्या जागी लावून तुम्हीच तिच्या मागे बसा, पाठ पूर्ण टेकवून. डोकं आणि छपराचं अस्तर यांमध्ये उभी चार बोटं मावली पाहिजेत. कमी असेल तर खड्ड्यात लागेल. सनरूफ असलेल्या गाडीत हे वेगळं तपासा, जाडी बदलते. आतला आरसा लावून मागचं किती दिसतं ते बघा, काच फार आडवी आहे. पावसात तिच्यावर पाणी रेंगाळतं आणि मागे वायपर नाही. डिकीच्या तोंडाची रुंदी आणि उंची टेपनं मोजून तुमच्या सर्वात मोठ्या बॅगेशी ताडा, लिटरवर विसंबू नका. काचा खाली-वर करायची बटणं दारावर नाहीत, मधल्या पट्टीवर आहेत. दार सडपातळ दिसतं ते त्यामुळेच. हात तिथे जातो का बघा.

चौथा_गिअर

आणि १८ इंची चाकं घ्या. मूळ मॉडेलचा ६१४ चा पल्ला त्यांच्यावरचाच होता, २० इंचीवर तोच ५४५ व्हायचा. रुंद टायर, जड रिम, उघड्या आऱ्यांमधून घुसळणारी हवा. ६९ किलोमीटर निव्वळ दिसण्यावर जातात.

पेन्सिल२बी

इथे मात्र थांबा. रूपाचा बचाव करणारे आणि रूपाला नावं ठेवणारे दोघंही १८ इंचीवर एकत्र आले, म्हणून लिहिते.

१८ ला २२५/५५ आणि २० ला २४५/४० टायर येतो (पहिला आकडा रुंदी मिमीमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत). दोन्हींचा बाहेरचा व्यास काढा, ७०५ आणि ७०४ मिमी. मडगार्डची कमान दोन्हींत सारखीच भरते. फरक टायरच्या भिंतीत, १२४ विरुद्ध ९८ मिमी. इतक्या उंच, सपाट दाराखाली लहान रिम आणि जाड काळी भिंत आली की चाक बारीक आणि पोट मोठं दिसतं. गाडीची कमान मुळातच मधे फुगलेली, तिला पायात भरदारपणा हवा. मला ही गाडी बघवली ती २० इंचीवरच. चौथा_गिअर, तुमचे ६९ किलोमीटर खरे आहेत. पण मग कोनमापक म्हणतात तसं "प्रत्येक वळणाला काम आहे" राहत नाही. काम करणारी गाडी १८ वर आहे आणि जाहिरातीत भाव खाऊन जाते ती २० वरची.

कोनमापक

रिमपुरतं मान्य. माझं वाक्य पत्र्याबद्दल होतं. १८ च्या रिमवर आऱ्यांमधल्या फटी बुजवणारी सपाट गडद तबकडी मिळाली तर हवाही कमी घुसळेल आणि तुम्हाला हवी ती मोठी आकृतीही दिसेल. भिंतीची जाडी आणि खड्ड्यातला आराम तसाच राहतो.

पेन्सिल२बी

तबकडी गडद नको, रिमच्याच रंगाची हवी. गडद असली तर टायरच्या काळ्यात मिसळून चाक आणखी लहान दिसेल.