मदत हवी आहे: निवृत्तीनाथांच्या पालखीत गेलेल्या सासऱ्यांचा फोन कालपासून बंद

आमचे आप्पा (सासरे) त्र्यंबकेश्वरहून निघालेल्या निवृत्तीनाथांच्या पालखीसोबत चालतायत. मिरजगावहून बोलले तेव्हा म्हणाले, "करमाळ्याला पोचलो की लावतो." पालखी काल करमाळ्यात पोचल्याचे व्हिडिओ फेसबुकवर आलेत. सासूबाईंनी ते थांबवून थांबवून एकेक टोपी न्याहाळली. आप्पांचा फोन मात्र लागतच नाही. "संपर्क क्षेत्राच्या बाहेर" नाही, सरळ "बंद आहे".

बटणाचा फोन, चार्जिंग उतरलं असणार. मुक्कामाला एका बोर्डावर पंधरा-वीस फोन लटकतात, आपला नंबर येईपर्यंत दमलेला माणूस झोपून जातो. पण हे सासूबाईंना कोण सांगणार? आमच्या सिडकोतल्या घरात रेंज फक्त ओट्याजवळच्या खिडकीत येते. त्यांनी फोन मिसळणाच्या डब्यावर टेकवून ठेवलाय आणि स्वतः तिथेच स्टूल टाकून बसल्यात. नणंदेचा फोन आला तर "ठेव गं, लाइन अडते" म्हणून कट! ती आता माझ्यावर रुसलीय, ते वेगळंच.

मलाही घोर लागलाय, कारण आप्पांना शुगर आहे, आणि फोन करतो म्हणून न करणारा हा माणूस नाही. गेल्या वारीत हरिपाठ झाला की फोन ठरलेला.

दिंडी रथामागे चालते एवढंच माहीत. दिंडीप्रमुखांचा नंबर आहे, तो आप्पांच्याच फोनमध्ये! पालखीत कुणाच्या ओळखीचं आहे का? पोलिसांकडे जायला चोवीस तास थांबावं लागतं का? हे म्हणतायत गाडी काढतो, पण एवढ्या गर्दीत शोधणार कुठे?

प्रतिसाद:
ताई, चोवीस तास थांबायचा नियम नाही. बेपत्ताची नोंद लगेच करता येते. 112 लावलात तर करमाळा, सोलापूर जिल्हा हे आधी सांगा. पण त्याआधी दिंडीची भिशी (वारीच्या खर्चाची वर्गणी) कुणी गोळा केली ते शोधा. त्यांच्याकडे सामानाच्या ट्रकच्या ड्रायव्हरचा नंबर असतो. त्याचा फोन गाडीतच चार्ज होतो, सहसा बंद पडत नाही. शिवाय ट्रक पुढच्या मुक्कामाला आधी पोचतो.

धागाकर्ती:
ड्रायव्हरचं सुचलंच नव्हतं! भिशी जेलरोडच्या एका काकांनी जमवली होती, हे तिकडेच निघालेत. सासूबाई विचारतायत, नंबर मिळाला तर शुगरची गोळी जेवणाआधीची आहे हेही ड्रायव्हरला सांगायचं का.