साथीची खबर देणाऱ्या देशालाच शिक्षा? (नानांच्या ‘आपलं आपण बघावं’ला उत्तर)

मेधा_नागपूर:
काल नानांनी लिहिलं की अमेरिकेने जानेवारी 2025मध्ये डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) सोडायची नोटीस दिली ते बरंच केलं, भारतानेही डब्ल्यूएचओमध्ये झालेला तो मे 2025चा महामारी करार फेकून द्यावा, साथ आली की विमानतळ बंद करायचे, आपली लस आपण टोचायची, विषय संपला. तिथे उत्तर मावेना म्हणून वेगळा धागा काढतेय. मी लॅबमध्ये काम करते, आणि असलं काही वाचलं की माझा संताप होतो.

नाना, विमानतळ बंद करणार ते कधी? साथ आहे हे कळल्यावर ना? मग ते कळणार कोणाकडून? दक्षिण आफ्रिकेने 24 नोव्हेंबर 2021ला कोरोनाच्या ओमिक्रॉन व्हेरिअंटची माहिती डब्ल्यूएचओला दिली, लपवाछपवी नाही, चालढकल नाही. दोन दिवसांच्या आत ब्रिटन, युरोप, अमेरिका सगळ्यांनी तिथून येणाऱ्या प्रवासावर निर्बंध जाहीर केले. आणि तो व्हेरिअंट नेदरलँड्समध्ये आधीच पोचलेला होता, 19 नोव्हेंबरच्या सॅम्पलमध्ये सापडला! विमानं बंद म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या लॅबना रिएजंट (तपासणीची रसायनं) मिळायचीही पंचाईत. प्रामाणिकपणाचं हे बक्षीस.

आपल्यालाही हा अनुभव आहे. 1994चा सुरतचा प्लेग आठवतो का? पन्नासच्या आसपास मृत्यू, पण आखाती देशांनी विमानं बंद केली, आपला माल अडवला. डब्ल्यूएचओ सांगत होतं की असल्या बंदीची गरज नाही, ऐकलं कोणी? त्यानंतर सार्स हा श्वसनाचा साथरोग आला आणि मग कुठे 2005चे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम झाले. त्यात 24 तासांत खबर द्यायची असं आहे, आणि जास्तीची बंदी घालणाऱ्याने 48 तासांत कारण द्यायचं असंही आहे. पहिलं कलम गरीब देश पाळतात, दुसरं श्रीमंत देश धाब्यावर बसवतात. माझं म्हणणं एवढंच आहे की जो आधी सांगतो त्याचं नुकसान भरून निघेल, त्याला लस-औषधात हक्काचा वाटा मिळेल, अशी भागीदारी हवी. नसेल तर पुढच्या वेळी कोणीही तोंड उघडणार नाही, मग बसा विमानतळ बंद करत.

नाना_सातारकर:
मेधाताई, मी कुणाला खबर देऊ नका असं म्हटलेलं नाही, माझ्या तोंडी शब्द घालू नका. मी म्हणतो ही यंत्रणा वेळेवर हलत नाही. इबोला गिनीमध्ये डिसेंबर 2013पासून होता. मार्च 2014च्या शेवटी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’वाले ओरडत होते की असा उद्रेक पूर्वी पाहिला नाही. डब्ल्यूएचओने आणीबाणी कधी जाहीर केली? 8 ऑगस्टला! शेवटी 11 हजारांवर माणसं गेली. आणि 2020मध्ये काय झालं ते मी सांगायला नको. जिनिव्हात, डब्ल्यूएचओच्या मुख्यालयात बसून ठराव करणाऱ्यांच्या भरवशावर मी माझ्या नातवंडांना सोडणार नाही.

डॉक_मराठवाडा:
नाना, त्याच इबोलाची दुसरी बाजू बघा. जुलै 2014मध्ये लायबेरियाहून आजारी माणूस विमानाने नायजेरियातल्या लागोसला उतरला, एवढं प्रचंड शहर, सगळ्यांना वाटलं आता संपलं. डॉ. अमेयो अदादेवोह यांनी दबाव येऊनही त्याला हॉस्पिटलमधून सोडलं नाही. त्या स्वतः त्यात गेल्या. आणि नायजेरियाचं पोलिओचं आणीबाणी केंद्र, परदेशी पैशाने आणि तांत्रिक मदतीने उभं राहिलेलं, त्याच धर्तीवर तिथली माणसं घेऊन इबोलाचं केंद्र सुरू झालं. एकूण 20 रुग्ण, 8 मृत्यू, ऑक्टोबरमध्ये देश इबोलामुक्त. साथ यायच्या आधी वर्षानुवर्षं जोडलेली माणसं होती म्हणून हे जमलं.

पण खरं दुखणं घरात आहे. मी सरकारी नोकरीत असताना आयडीएसपीचे (केंद्राची साथरोगांवर नजर ठेवायची योजना) एस, पी, एल फॉर्म, म्हणजे संशयित, संभाव्य आणि लॅबने खात्री केलेले रुग्ण, दर आठवड्याला भरायचो. एका पावसाळ्यात डेंग्यूचे आकडे वाढले, वरून फोन आला, ‘संशयित’मध्ये टाका, कन्फर्म दाखवू नका, पेपरमध्ये नाव येतं. ज्या देशात तालुक्याचा आकडा जिल्ह्याला खरा जात नाही तिथला आकडा जिनिव्हाला खरा कसा जाईल? ते आंतरराष्ट्रीय वगैरे नंतर बोला.

मेधा_नागपूर:
डॉक्टरसाहेब, तुम्ही माझाच मुद्दा सांगताय. तालुक्याला का लपवावंसं वाटतं? खरं सांगितलं तर मदत येत नाही, नोटीस येते.

साटम_वसई:
तुमचं ते नायजेरिया राहू द्या बाजूला. मला एका गोष्टीचं उत्तर द्या. एप्रिल 2021मध्ये माझा मोठा भाऊ गेला. वय 51. लसीसाठी सेंटरवर दोनदा गेला, दोन्ही वेळा ‘साठा संपला’ची पाटी. लस बनते ते पुणे इथून किती लांब आहे? आणि तोवर आपण साडेसहा कोटींच्या वर डोस बाहेर पाठवले होते. भागीदारी म्हणे! माझ्या वहिनीला समजावून सांगा भागीदारी.

नाना_सातारकर:
हेच. हेच मी म्हणत होतो.

मेधा_नागपूर:
साटमदादा, भावाबद्दल खरंच वाईट वाटतं. पण दोष कुठे लावायचा ते नीट बघू या. साडेसहा कोटी म्हणजे सव्वातीन कोटी माणसांचे दोन डोस, देश 140 कोटींचा. केंद्राची पुण्याच्या सीरम कंपनीला जानेवारीतली पहिली ऑर्डर होती 1 कोटी 10 लाख डोसची! आणि सीरमला क्षमता वाढवायला 2020मध्ये 30 कोटी डॉलर्स मिळाले ते गेट्स फाउंडेशन आणि ‘गावी’ या जागतिक लस संस्थेच्या करारातून, गरीब देशांना लस द्यायच्या बोलीवर. लस ऑक्सफर्डची. पिशव्या, फिल्टर असला कच्चा माल अमेरिकेतून, तो अडला म्हणून अदर पूनावालांना एप्रिलमध्ये बायडन यांना जाहीर विनंती करावी लागली. यात ‘आपली’ लस किती आणि जगाची किती?

साटम_वसई:
हिशेब मांडू नका हो माझ्यासमोर. परक्याचे पैसे घेतले म्हणून घरचा माणूस मरू द्यायचा? आणि त्या साडेसहा कोटीत फुकट मदत एक कोटीच्या थोडी वर, साडेतीन कोटी तर चक्क विकलेले. त्याला मैत्री नाव दिलं.

नैरोबीकर:
बरीच वर्षं इथे आहे, आजवर फक्त वाचत होतो, आता राहवत नाही. साटमसाहेब, तुमचं दुःख मोठं आहे, पण पलीकडचंही ऐका. मार्च 2021च्या सुरुवातीला केनियाला कोव्हॅक्समधून (जगभर लस वाटायची आंतरराष्ट्रीय योजना) पुण्याची 10 लाख 20 हजार लस आली. बायकोने मला विमानतळावरचे फोटो दाखवले, अभिमान वाटला. त्याच महिन्याच्या शेवटी भारताने निर्यात थांबवली आणि कोव्हॅक्सला परत पुरवठा सुरू झाला नोव्हेंबरमध्ये. आमचे वॉचमन, नर्सेस पहिला डोस घेऊन ताटकळले, दोन डोसमधलं अंतर वाढवत नेलं. आमच्या बिल्डिंगमधल्या नर्सबाई मला विचारायच्या, तुमचा देश असा का वागला? काय सांगू त्यांना? कोव्हॅक्सला 2021च्या अखेरीपर्यंत 2 अब्ज डोस द्यायचे होते, तेव्हा निम्मेही गेले नव्हते.

साटम_वसई:
तुमच्या नर्सबाई जिवंत आहेत ना? माझा भाऊ नाही.

नैरोबीकर:
असं बोलू नका. इथेही माणसं गेलीत, तुम्हाला माहीत नाहीत एवढंच.

प्राची_म्युनिक:
कोव्हिशिल्डवर एवढं भांडताय पण त्याच लसीला युरोपने काय वागवलं ते कुणीच बोलत नाही! जुलै 2021मध्ये युरोपचं सर्टिफिकेट आलं, त्यात ॲस्ट्राझेनेकाची युरोपात बनलेली चालणार आणि पुण्यात बनलेली तीच लस यादीत नाही, प्रत्येक देशाने वेगळं ठरवायचं. माझ्या आईबाबांचं येणं त्यात लटकलं, मी बाळंतीण, एकटी. ब्रिटनने तर ऑक्टोबरपर्यंत आपलं सर्टिफिकेट मानलं नाही, भारताने 4 ऑक्टोबरपासून त्यांच्या लोकांना 10 दिवस क्वारंटाइन लावल्यावर आठवड्यात सरळ झाले. यांना फक्त दमदाटी कळते.

डॉक_मराठवाडा:
प्राची, तो मुद्दा वेगळा आहे, त्याला वेगळा धागा काढा.

प्राची_म्युनिक:
वेगळा कसा? एकमेकांच्या लसीचा कागद मानायचा नाही आणि म्हणे एकत्र लढू?

फोर्टातला_जुना:
यात नवीन काही नाही. मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी सप्टेंबर 1896मध्ये प्लेग ओळखला, आणि 1897मध्ये युरोपातल्या सरकारांनी व्हेनिसला परिषद भरवली. मुंबईच्या रुग्णांसाठी नाही, मुंबईहून निघणाऱ्या जहाजांच्या धास्तीने. लस मात्र हाफकिननी भायखळ्याला बनवली आणि जानेवारी 1897मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली.

नाना_सातारकर:
म्हणजे सव्वाशे वर्षांत श्रीमंतांची वृत्ती बदललेली नाही. मग सही कशाला करायची?

मेधा_नागपूर:
कारण या वेळी कागदावर काहीतरी आहे, नाना. इंडोनेशियाने 2007मध्ये बर्ड फ्लूचे विषाणू द्यायला नकार दिला होता, आमच्या सॅम्पलवर लस बनवता आणि आम्हालाच ती परवडत नाही म्हणून. तेव्हा सगळ्यांनी त्यांना शिव्या घातल्या, पण त्यातूनच 2011ला इन्फ्लुएन्झापुरती वाटपाची चौकट झाली. आता मे 2025च्या करारात तेच मोठ्या प्रमाणावर आहे: सहभागी कंपन्यांनी साथीच्या काळात उत्पादनाचा 20 टक्के वाटा डब्ल्यूएचओला उपलब्ध करायचा, त्यात उत्पादनाचे किमान 10 टक्के फुकट. समितीत 124 देश बाजूने, विरोधात एकही नाही. आणि देशात लॉकडाऊन लावा, लस सक्तीची करा असं सांगायचा अधिकार डब्ल्यूएचओला नाही, तेही स्पष्ट लिहिलंय.

नाना_सातारकर:
20 टक्क्यांचं मला माहीत नव्हतं, वाचतो. पण सॅम्पल आधी आणि लस नंतर, असं असेल तर माझा विरोध कायम. दोन्ही एकाच कागदावर, एकाच दिवशी.

मेधा_नागपूर:
त्याला माझाही पाठिंबा आहे, सॅम्पल देणं आणि लस वाटणं ठरवणारं कराराचं परिशिष्ट म्हणूनच महत्त्वाचं. त्याच्याशिवाय करार सह्यांना खुलाच होत नाही, आणि नंतर 60 देशांनी मंजुरी दिल्यावर लागू.

साटम_वसई:
मग परिशिष्टात हे लिहायला सांगा: देशात साठा संपलाय आणि कंपनी आपल्याच देशात आहे, तेव्हा ते 20 टक्के आधी कुणाचे, आणि सरकारने निर्यात अडवली तर काय. गोलमोल नको. माझी समजूत पटलेली नाही, पण हे लिहून मिळालं तर निदान पुढच्या माणसाला सेंटरवरून परत जाताना कारण कळेल.

नैरोबीकर:
आणि दुसऱ्या डोसची हमीही त्यातच. पहिला पाठवला की दुसरा बांधील.

डॉक_मराठवाडा:
तालुक्याचे फॉर्म तेवढे विसरू नका.