बाबांची फसवणूक झाली. आता त्यांचा मान राखून त्यांना जपायचे कसे?

प्रश्न : कृष्णाकाठची लेक

माझे वडील ७६ वर्षांचे, निवृत्त माध्यमिक शिक्षक. आई आणि ते सांगलीत राहतात, मी पुण्यात असते. गेल्या महिन्यात त्यांना फोन आला की त्यांच्या आधार क्रमांकावर घेतलेले सिमकार्ड काळ्या पैशाच्या गुन्ह्यात वापरले गेले आहे. पाठोपाठ व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, त्याच्यामागे पोलीस ठाण्यासारखी खोली आणि हातात बाबांच्या नावाचे अटक वॉरंट. ‘घरात कोणाशी बोललात तर त्यांनाही आरोपी करू’ अशी धमकी देऊन त्यांना दोन दिवस खोलीत बसवून ठेवले. फोन टेबलावर औषधांच्या डब्याला टेकवून ठेवलेला होता आणि बाथरूमला जातानाही ते त्या माणसाची परवानगी घेत होते. पेन्शनचे काम चालू आहे, असे त्यांनी आईला सांगितले होते. तिसऱ्या दिवशी दारातले वर्तमानपत्र दुपारपर्यंत तसेच पडून राहिले, तेव्हा आईने घाबरून मला फोन केला. तोपर्यंत मुदत ठेव मोडून ६ लाख रुपये ‘पडताळणीसाठी’ पाठवून झाले होते. मी लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्यातले १ लाख ४० हजार समोरच्या खात्यात गोठवले गेले, बाकीचे पुढे निघून गेले होते.

माझा प्रश्न यापुढचा आहे. भावाचे म्हणणे असे की उरलेल्या ११ लाखांच्या ठेवी आमच्या नावावर करून घ्याव्यात आणि बाबांना साधा फोन द्यावा. ज्या माणसाने जन्मभर घराचा पै-पैचा हिशेब ठेवला, त्याच्या हातून पासबुक काढून घ्यायला माझे मन धजत नाही. पण हेही पैसे गेले तर दोघांच्या आजारपणाला काही उरणार नाही, ही भीतीही खोटी नाही. बाबांनी सकाळी कट्ट्यावर जाणे बंद केले आहे. आम्ही नेमके काय करावे?

उत्तर : निवृत्त शाखाधिकारी

ताई, ठेवी मुलांच्या नावावर करण्याची घाई करू नका. म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या औषधासाठी मुलाकडे हात पसरावा लागणे, हे मी काउंटरवर अनेकदा पाहिले आहे आणि ते बघवत नाही.

त्याऐवजी ठेवी बाबा आणि आई या दोघांच्या संयुक्त नावावर करा. ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ अशी सूचना असली तरी ती मुदत संपल्यावर लागू होते. दोघेही हयात असताना ठेव मुदतीआधी मोडायची असेल तर दोघांच्या सह्या लागतात. फसवणारा माणूस पहिली गोष्ट करतो ती आपल्याला घरच्यांपासून तोडण्याची, आणि दुसरी सही घ्यायची म्हटली की ते तुटलेपण तिथेच संपते. मात्र ऑनलाइन काढलेली ठेव ऑनलाइन मोडताही येते, म्हणून ती सोय बंद करता येईल का हे शाखेत लेखी विचारा. पेन्शनच्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरती रक्कम ठेवून यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडा आणि नेट बँकिंगची हस्तांतर मर्यादा खाली आणा. एवढे केल्यावर स्मार्टफोन काढून घेण्याची गरज मला वाटत नाही.

पैसे परत मिळण्याबद्दल खोटी आशा दाखवत नाही. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकातले संरक्षण ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. इथे रक्कम बाबांनी स्वतः पाठवली, त्यामुळे त्याचा आधार घेणे अवघड आहे. ही रक्कम काही मिनिटांत एका भाडोत्री खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून चार-सहा खात्यांत विभागली जाते, म्हणून तुम्ही त्याच दिवशी केलेल्या फोनमुळे १ लाख ४० हजार तरी अडले. तक्रारीचा पोच क्रमांक जपून ठेवा आणि गोठवलेल्या रकमेसाठी पोलीस ठाण्याकडे सतत पाठपुरावा करा.

आमच्या शाखेतला एक प्रसंग सांगतो. एक वयस्कर गृहस्थ मोठी ठेव मोडायला आले होते आणि सदऱ्याच्या खिशातला फोन त्यांनी चालूच ठेवला होता. पलीकडचा माणूस ऐकत असणार, हे ओळखून आमच्या रोखपाल बाईंनी काही न बोलता स्लिपच्या मागे पेन्सिलीने लिहिले, ‘कोणी धमकावत आहे का?’ त्यांनी नुसते डोळे मिटून होकार दिला. दहा मिनिटे ‘सिस्टिम बंद आहे’ असे मोठ्याने बोलत राहून आम्ही त्यांच्या मुलीला बोलावून घेतले. प्रत्येक शाखेत असे कोणी असेल याची खात्री देता येत नाही. पण तुमच्या शाखेच्या व्यवस्थापकांना एकदा भेटून झालेला प्रकार अवश्य सांगून ठेवा.

उत्तर : गंगापूर रोडची आजी

मी ७१ वर्षांची आहे आणि माझीही फसवणूक झालेली आहे, म्हणून तुमच्या बाबांच्या बाजूने लिहिते.

‘आज रात्री ९.३० वाजता तुमची वीज तोडली जाईल’ असा मेसेज आला, खाली दिलेल्या क्रमांकावर मी फोन केला, त्या माणसाने पाठवलेले ॲप घेतले आणि खात्यातून ८५ हजार रुपये गेले. मुलगा म्हणाला, ‘इतकी शिकलेली असून तुला एवढे कळले नाही?’ त्याने ते वाक्य एकदाच उच्चारले, परंतु मला ते रोज ऐकू येत असे. दोन महिन्यांनी दुसरा फोन आला की, ‘तुमचे गेलेले पैसे आम्ही मिळवून देतो, फक्त शुल्क भरा.’ मी १२ हजार रुपये भरले आणि घरात कोणालाही सांगितले नाही, कारण पुन्हा तेच ऐकून घेण्याची ताकद माझ्यात नव्हती. पैसे परत आले असते तर मुलासमोर मान वर करता आली असती, एवढीच माझी आशा होती.

एकदा फसलेल्या माणसाचा क्रमांक ही टोळी सोडत नाही, हे तुमच्या बाबांना आजच सांगा. सायबर पोलीस, वकील, वसुली करणारी कंपनी अशा कोणत्याही नावाने फोन येईल. त्यांना तो फोन तुमच्यापासून लपवावासा वाटू नये, एवढे जपा. भावालाही माझे हे उत्तर वाचायला द्या.

उत्तर : डोंबिवली ते दुबई

आजींशी मी पूर्ण सहमत आहे. माझ्या वडिलांचीही फसवणूक झाली होती. त्यांच्या बाबतीत उपयोग झाला तो उपदेशाचा नव्हे, तर एका बातमीचा. २०२४ मध्ये लुधियानाच्या वर्धमान समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना ८२ व्या वर्षी अशाच टोळीने सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवून ७ कोटी रुपयांना फसवले आणि त्यांनी ते स्वतः जाहीरपणे सांगितले. एवढा मोठा उद्योगपती फसतो हे वाचल्यावर वडील पहिल्यांदा झाल्या प्रकाराबद्दल मोकळेपणाने बोलले. ‘डिजिटल अटक’, म्हणजे व्हिडिओ कॉलवरून कोणाला अटकेत ठेवणे, असा प्रकार आपल्या कायद्यातच नाही, हेही त्यांना तेव्हाच पटले.

आम्ही घरात ठरवले आहे की पोलीस, बँक किंवा न्यायालय यांच्या नावाने कोणीही बोलले तरी फोन ठेवायचा आणि आधी मला किंवा बहिणीला कळवायचे. मीसुद्धा मोठा खर्च करण्याआधी वडिलांना विचारतो, त्यामुळे नियम फक्त त्यांच्यासाठी आहे असे त्यांना वाटत नाही.

कृष्णाकाठची लेक

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आजींचे उत्तर मी भावाला फोनवर वाचून दाखवले. तो बराच वेळ गप्प होता, आणि रविवारी स्वतः सांगलीला येतो म्हणाला आहे. बाबांना विचारले तेव्हा कळले की ‘वसुलीचा’ फोन त्यांना परवाच येऊन गेला आहे. त्यांनी पैसे दिलेले नाहीत, पण आम्हाला सांगितलेही नव्हते. संयुक्त ठेवीला ते तयार आहेत. अडचण एवढीच की आईचे गुडघे फार दुखतात, तिला शाखेच्या पायऱ्या चढवत नाहीत.

निवृत्त शाखाधिकारी

सत्तरी ओलांडलेल्या ग्राहकांना घरपोच सेवा देण्याबाबत रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सूचना दिलेल्या आहेत. आईंची सत्तरी पूर्ण झाली असेल तर शाखेत तसा लेखी अर्ज द्या. कर्मचारी सह्या घ्यायला घरी येतील तेव्हा भाऊ तिथे असेल तर उत्तम. मात्र ठेवीच्या अर्जातला मजकूर बाबांना स्वतःच्या हाताने भरू द्या.