मदत हवी आहे: प्रोजेक्टरची जुनी स्कोप लेन्स कॅमेऱ्याला लावलीय, विजेच्या तारा शार्प येतायत पण खांब नाही

नमस्कार मंडळी,

आम्ही पुण्यातले सातआठ जण रुंद फ्रेमच्या नादाला लागलोय. रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर जमतो, कोणी पाचसहा फोटो जोडून पॅनोरमा करतं, कोणी व्हिडिओ वरून-खालून कापून स्कोपसारखा (म्हणजे सिनेमास्कोप, रुंद पडद्याचा सिनेमा) करतं. पण कापून आडवं केलेलं वेगळं आणि लेन्सनेच दाबून आणलेलं वेगळं, हे मामांची लेन्स हातात आल्यावर कळलं.

मामा थेटरात ऑपरेटर होते. थेटर बंद झालं तेव्हा त्यांनी स्कोप लेन्स घरी आणली, ती इतकी वर्षं माळ्यावर स्टीलच्या डब्यात जुन्या धोतरात गुंडाळून होती. पितळेची आहे, वाण्याच्या काट्यावर दीड किलो भरली. 'कागज के फूल' (१९५९, आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप, कॅमेरा व्ही. के. मूर्तींचा) विषय निघाला की मामा अजून हातवारे करून सांगतात, फिल्मवर माणसं काडीसारखी बारीक दिसायची आणि ही लेन्स त्यांना पडद्यावर पुन्हा माणसात आणायची. मी उलटं करतोय, कॅमेऱ्यापुढे ती लावून चित्र आडवं निम्मं दाबतोय आणि मग कॉम्प्युटरवर दुप्पट ताणतोय. ३:२ चा फोटो सरळ ३:१ होतो, मधे कुठे जोड नाही!

कॅमेरा फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा), स्कोपच्या मागे कॅमेऱ्याची नेहमीची ८५ एमएम लेन्स (५० लावली तर कडा काळ्या पडतात). दोन्ही जोडायला लेथवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमची रिंग करून घेतलीय. लेन्स तिरकी बसली असेल असं वाटलं म्हणून समोर मोबाइलचा टॉर्च धरून पाहिला, अशा लेन्समधून उमटणारी प्रकाशाची निळी रेघ एकदम आडवी येते, म्हणजे तिथे गडबड नाही.

गडबड अशी की गॅलरीसमोर जेमतेम वीस फुटांवर विजेचा खांब आहे, त्याच्या तारा केसासारख्या शार्प येतात आणि खांब मात्र दोन्ही बाजूंनी पसरलेला. ८५ चा फोकस फिरवला की खांब जमतो आणि तारा जातात. दोन्ही एकदम येतच नाही, अ‍ॅपर्चर २ ला (लेन्सचं भोक मोठं उघडल्यावर) तर बघवत नाही. स्कोप लेन्सला स्वतःची फोकसची, फुटांचे आकडे असलेली रिंग आहे ती ८० वर घट्ट बसलीय, मामा म्हणतात पडदा तेवढाच लांब होता, कधी हलवायची वेळच आली नाही.

आषाढी वारीत माउलींची पालखी दिवे घाट चढते तो सगळा नागमोडी रस्ता एका फ्रेममध्ये घ्यायचाय, आणि जवळून दिंडीपण. रिंग कशी सोडवू? खोलून बघू का? प्लीज सांगा, मामांची वस्तू आहे, माझ्या हातून खराब व्हायला नको.

प्रतिसाद

खोलू नका! आतल्या काचा दंडगोलाकार असतात, पुढची मागची एकमेकींच्या रेषेत नसली तर सगळं तिरपं दिसेल आणि ते घरी परत जुळवणं अवघड. तुमचं दुखणं रिंगचंच आहे. ही लेन्स फक्त आडव्या दिशेने काम करते, त्यामुळे खांबाचा फोकस तिच्यावर अवलंबून आणि तारांचा फक्त ८५ वर. आधी ८५ ने तारा जमवा, मग ८५ ला हात न लावता स्कोपच्या रिंगने खांब. ग्रीस वाळलं असणार, हेअर ड्रायरने हळूहळू कोमट करून रिंग थोडी थोडी मागेपुढे करा, तेल अजिबात सोडू नका, ते काचांवर उतरतं. घाटाच्या लांबच्या शॉटला अ‍ॅपर्चर ८ ठेवलंत तर ८० वरची रिंगसुद्धा चालून जाईल, पण जवळच्या दिंडीसाठी ती फिरलीच पाहिजे.

धागाकर्ता

फिरली!! तीन संध्याकाळी लागल्या, मामांनी स्वतः धरली होती, मी ड्रायर मारत होतो. आता २० वर आणलीय आणि खांबावरचा गंजलेला नंबरसुद्धा वाचता येतोय. खूप खूप आभार. मामा म्हणाले दिवे घाटात मीपण येणार, तर आता त्यांना वर नेऊन बसवायला सावलीची जागा कुठे मिळेल ते कोणी सांगा, आदल्या रात्रीच जाऊन थांबायची तयारी आहे.