हरवलेल्याचा फोटो शंभर ग्रुपवर टाकणाऱ्यांनो, जरा थांबा

चिंचगुळ: ‘माणूस हरवला तर पोलिसांत वेळ दवडू नका, फोटो नि स्वतःचा नंबर शंभर ग्रुपवर टाका’ अशी पोस्ट फिरतेय. डोकं फिरलं, म्हणून हे लांबण.

१८ च्या आतलं मूल असेल तर नुसती ‘मिसिंग’ नव्हे, थेट अपहरणाचा गुन्हा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच तसं बजावलंय. आता भारतीय न्याय संहितेचं कलम १३७(२). ‘आमची हद्द नाही’ म्हणून टोलवलं तर शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर, हद्द न बघता घेतात तो गुन्हा) नोंदवा म्हणायचं. ‘चोवीस तास थांबा’ असा नियम कुठेच नाही. मोठ्यांच्या मिसिंगचा नोंद क्रमांक लिहून घ्या, परजिल्ह्यात चौकशी करताना तोच लागतो.

मग लगेच चौकातल्या दुकानांचे कॅमेरे. डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) भरला की जुन्यावर नवं चढतं, कुठे आठवड्यात, कुठे महिन्यात. त्याचं घड्याळ पुढेमागे असतं. आधी मोबाईलशी ताडून बघा, नाहीतर भलतीच वेळ पेन ड्राइव्हवर उतरवून आणाल.

आणि स्वतःचा नंबर फिरवलात की भामट्याचा फोन ठरलेला: ‘आजोबा आमच्याकडे आहेत, गाडीभाड्याला पाच हजार टाका.’

टपरीवाला: कलमं पाठ आहेत, छान. मिसिंग नोंदवली की फाईल कपाटात. विसरभोळा म्हातारा दिसेल त्या एसटीत चढतो. त्याला ओळखणार कोण? कंडक्टर, नाहीतर स्टँडवरचा चहावाला. त्यांच्या हातात फोन असतो, तुमचं कलम नव्हे.

चिंचगुळ: फोटो नकोच असं कुठे म्हटलं? हरवल्याची तारीख, अंगावरचे कपडे, पायातली चप्पल, बोली, नोंद क्रमांक आणि पोलीस ठाण्याचा नंबर घाला. सापडल्यावर त्याच फोटोवर ‘सापडले’ लिहून परत फिरवा. पण *सापडलेल्या* मुलाचा फोटो टाकू नका. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आडवं येतं, मुलाची ओळख उघड करायला बंदी. १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करा. चोवीस तासांत मूल बालकल्याण समितीपुढे जायला हवं. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा विसरलात? १ जुलै २०१८, पोरं पळवणारी टोळी आल्याच्या फॉरवर्डवरून भटक्या डवरी गोसावी समाजातले पाच जण ठेचून मारले.

टपरीवाला: ती अफवा होती हो! हरवलेल्या आजोबांच्या फोटोला राईनपाडा चिकटवताय, कमाल आहे.

माळकरी: वारीत यातलं काहीच चालत नाही. माउलींच्या सोहळ्यात चुकलेल्याला पत्ता विचारू नका. दिंडी क्रमांक, आणि रथापुढची की रथामागची, एवढंच विचारा. हातावर बॉलपेनने लिहिलेला नंबर घामापावसात पुसतो. चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून सदऱ्याच्या आतून टाचा.

स्पष्टवक्ती: आधारच्या जमान्यात ही कसली कटकट? बोट टेकवा, पत्ता काढा.

जुना_हवालदार: बाई, तसं यंत्र ठाण्यात नसतं. उच्च न्यायालयाच्या आदेशाशिवाय आधारची माहिती पोलिसांनाही देत नाहीत. घडतं ते उलट्या बाजूने: संस्था अनोळखी मुलाचं नवं आधार काढायला जाते, अर्ज ‘डुप्लिकेट’ म्हणून परत येतो, म्हणजे आधीचं आहे. तिथून आधारच्या प्रादेशिक कार्यालयाकडे पाठपुरावा. पाच वर्षांखाली बोटांचे ठसे घेतच नाहीत. पाचव्या वर्षानंतरचे ठसे दिलेच नसतील तर जुळवणार काय, कपाळ?

स्पष्टवक्ती: म्हणजे मूल आश्रमात कुजू दे, पण गोपनीयता शाबूत!

चिंचगुळ: आणि उद्या नवऱ्याच्या माराला कंटाळून निघून गेलेल्या बाईचा पत्ता त्याच बोटावर काढून नवऱ्याच्या हाती द्यायचा का? सज्ञान माणूस सापडला तरी त्याच्या मर्जीविरुद्ध पत्ता सांगायचा नसतो. ‘सुखरूप आहे’ एवढं घरी कळवायचं.

स्पष्टवक्ती: प्रत्येक बाई मार खाऊनच जाते वाटतं. ठीक आहे, बायकांपुरता मुद्दा दिला. मुलांचं उत्तर अजून नाही.

जुना_हवालदार: आधारवरून भांडताना मनोरुग्ण राहिलेच. रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण मिळाला तर मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम १००: मिसिंगची नोंद आणि घरच्यांचा शोध पोलीस ठाण्याच्या अंमलदारावर बंधनकारक. घरच्यांनी ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही चारही मनोरुग्णालयं विचारावीत. तिथे नावाने नव्हे, ‘अनोळखी पुरुष, अंदाजे ६०’ असं शोधायचं. कर्जतची श्रद्धा फाउंडेशनही अशांना घरी पोचवते; तिच्या डॉ. भरत वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार त्याच कामासाठी. आणि मन घट्ट करून पोलिसांकडची अकस्मात मृत्यूची नोंदवहीसुद्धा बघा.

टपरीवाला: बरं बाबा, नंबर ठाण्याचाच टाकतो. रात्री दोनला तिथे कुणी उचलला नाही तर?

चिंचगुळ: ११२ पण लिहा खाली. आणि फोटो पाच वर्षांपूर्वीच्या लग्नातला फेटेवाला नको.