फोनो प्रीअँपचे व्हॉल्व्ह बदलायचेत: सहाही बदलू की काही ठरावीकच?

शाहूपुरीकर

नमस्कार मंडळी. परदेशी बनावटीचा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) प्रीअँप आहे, फोनो स्टेज, म्हणजे रेकॉर्डच्या सुईचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग, आतच. फोनोला दर चॅनलला दोन ईसीसी८३ (१२एएक्स७), लाईन स्टेजला (व्हॉल्यूमच्या पुढचा भाग) दर चॅनलला एक ईसीसी८२ (१२एयू७). सगळे कंपनीतून आले तेच आहेत. फोनोवर सुई उचललेली असतानाही डाव्या स्पीकरमधून सुरसुर येते, उजवा त्या मानानं शांत. शिवाय वरच्या पट्टीत आवाज टोचतो, व्हायोलिन आणि झांजा जास्तच. कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई.

एक विक्रेता म्हणतो मुलार्ड या इंग्लिश कंपनीचे सहा जुने एकदम घ्या. दुसरा म्हणतो ईसीसी८३ च्या जागी ५७५१ घाला. तिसरा म्हणतो ६९२२ लावा, सगळ्यांना पिना नऊच असतात. कुणाचं ऐकू? मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग येतं.

तबकडी

आत्ता कुणाचंच ऐकू नका. सुरसुर कुठून येते ते आधी शोधा, त्याला पैसा लागत नाही.

व्हॉल्यूम पूर्ण खाली करा. सुरसुर तशीच राहिली तर ती लाईन स्टेजच्या ईसीसी८२ची. व्हॉल्यूमबरोबर कमीजास्त झाली तर लाईन स्टेजच्या आधीच्या भागातली. मग सिलेक्टर सीडीवर न्या, प्लेअर बंद ठेवून. तिथे शांत आणि फोनोवर सुरसुर, म्हणजे फोनोचे चार व्हॉल्व्ह संशयित. आता टर्नटेबलची वायर काढून फोनो इनपुटला शॉर्टिंग प्लग लावा. जुन्या आरसीए पिनेची मधली तार बाहेरच्या कड्याला जोडली की तो तयार होतो. तरीही सुरसुर असेल तर दोष टर्नटेबलचा नाही.

शेवटी डावा पहिला आणि उजवा पहिला यांची अदलाबदल. सुरसुर उजवीकडे गेली तर दोष व्हॉल्व्हचा. डावीकडेच राहिली तर हीच अदलाबदल दुसऱ्या जागेवर करून बघा. तरीही डावीकडेच असेल तर सॉकेट किंवा प्लेटचा (व्हॉल्व्हचं वाढलेला सिग्नल देणारं टोक) १०० किलोओहमचा रेझिस्टर बघा. जुना कार्बन रेझिस्टर सुरसुरतो, मधूनच तडतडतो. तिथं कितीही महागडा व्हॉल्व्ह घातला तरी उपयोग शून्य. २ वॅटचा मेटल फिल्म लावा, काम झालं.

कार्ट्रिजमधून जेमतेम ४ मिलिव्होल्ट येतात. पहिला व्हॉल्व्ह ते पन्नासेक पट करतो, आणि त्याची स्वतःची सुरसुर पुढचा प्रत्येक टप्पा वाढवत नेतो. लाईन स्टेजला पोचेपर्यंत सिग्नल इतका मोठा झालेला असतो की ईसीसी८२ची सुरसुर त्यात बुडून जाते. म्हणून पैसे घालायचेच तर पहिल्या जागेच्या जोडीत घाला. बाकीचे चार उगाच बदलायला लावणारा माणूस विकायला बसलाय, एवढंच.

उद्यमनगर_बेंच

६९२२ चं आधी सांगतो, कारण त्यात नुकसान होईल. पिना जुळतात म्हणून तो सॉकेटात बसतो, पण आतली जोडणी वेगळी आहे. ईसीसी८३ चं फिलामेंट (तापणारी तार) पिना ४ आणि ५ वर, तिचा मधला टॅप ९ वर. १२.६ व्होल्ट द्यायचे तर ४ आणि ५ ला, ६.३ द्यायचे तर ४-५ एकत्र करून एक टोक तिथं आणि दुसरं ९ ला. ६९२२ चं फिलामेंट ४-५ वरच, पण ६.३ व्होल्टचं, आणि ९ म्हणजे आतली शील्ड. त्यामुळे १२.६ च्या सॉकेटात त्याला दुप्पट व्होल्टेज बसेल, आणि ६.३ च्या सॉकेटात ४-५ शॉर्ट असल्यानं तो पेटणारच नाही. प्लेटचंही तेच: कमाल २२० व्होल्ट, त्याच जातीच्या साध्या ईसीसी८८ ला १३०. ईसीसी८३ तीनशे सोसतो. विषय संपला.

५७५१ चालतो. म्यू (सिग्नल वाढवायच्या ताकदीचा आकडा) ७०, ईसीसी८३ चा १००, म्हणजे एका जागी बदलला तर गेन (एकूण वाढ) फार तर ३ डेसिबल उतरेल. फिलामेंट ६.३ व्होल्टला ३५० मिलिअँपिअर ओढतं, ईसीसी८३ चं ३००. एक जोडी बदलली तर ट्रान्सफॉर्मरला काही वाटत नाही.

फोनोत ईसीसी८३ च्या जागी ईसीसी८२ मात्र घालू नका, कुणी कितीही "गोड वाजतो" म्हणालं तरी. म्यू विसाच्या आत, करंट जास्त, प्लेटचं व्होल्टेज खाली बसतं. शिवाय आरआयएए करेक्शन (रेकॉर्डवर बदलून कापलेले स्वर पुन्हा सरळ करणारं सर्किट) पॅसिव्ह, म्हणजे नुसत्या रेझिस्टर-कॅपॅसिटरचं असेल तर व्हॉल्व्हचा आतला रेझिस्टन्स त्या हिशेबात धरलेला असतो: ईसीसी८३ चा ६० किलोओहमच्या आसपास, ईसीसी८२ चा ७-८. करेक्शनमधलं वरच्या पट्टीचं, ७५ मायक्रोसेकंदाचं गणित तिथंच कोलमडतं.

आता हात घालायची रीत. बंद करताना पॉवर अँप आधी, प्रीअँप नंतर. चालू करताना उलट, मधे मिनिटभर थांबून, नाहीतर कपलिंग कॅपॅसिटर चार्ज होतानाचा दणका थेट वूफरला. प्लग भिंतीतून काढा. फिल्टर कॅपॅसिटरमध्ये अडीच-तीनशे व्होल्ट शिल्लक असू शकतात, बटण बंद आहे म्हणून विश्वास ठेवू नका. १० किलोओहम ५ वॅटच्या वायरवाउंड रेझिस्टरला दोन क्रोकोडाइल क्लिपा लावा, एक चॅसिसला, दुसरी कॅपॅसिटरच्या प्लसला. १०० मायक्रोफॅरडला पाच सेकंद पुरतात, दहा धरा. मग मीटरनं बघा, १० व्होल्टच्या खाली आलं की पुढचं. डावा हात खिशात, म्हणजे करंट छातीतून जायला वाट नको.

व्हॉल्व्ह सरळ वर ओढायचा, अगदी हलका डुलवत. पिळायचा नाही. पिळला की पिनेच्या बुडाशी काचेला केसाएवढा तडा जातो आणि डोक्यावरचा चांदीसारखा गेटर (उरलीसुरली हवा शोषणारा थर) दुधासारखा पांढरा पडतो. तो व्हॉल्व्ह गेला. आपल्याकडच्या पावसाळ्यात पिना आणि सॉकेटचे कॉन्टॅक्ट काळे पडतात. पिनांना आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून व्हॉल्व्ह तीनचार वेळा घाला-काढा, वाळू द्या. बऱ्याचदा "व्हॉल्व्ह गेला" वाटणारी खरखर एवढ्यानंच जाते. गंज सोडवायचा स्प्रे मारू नका, तेलकट थर राहतो आणि धूळ धरतो.

नवीन घातल्यावर कॅथोड रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजा. प्रोब बंद असतानाच अडकवायचे. १.५ किलोओहमवर सव्वा व्होल्ट म्हणजे साधारण ०.८ मिलिअँपिअर, २५० व्होल्ट सप्लाय आणि १०० किलोओहमला ते बरोबर आहे. डाव्या-उजव्यात पंधरा टक्क्यांवर फरक दिसला तर ती जोडी परत करा.

जुना_रेडिओ

मुलार्डबद्दल. काचेवरचा छाप पुसून नवा मारता येतो, म्हणून नाव आणि खोका यावर जाऊ नका. काचेच्या खालच्या कडेला फिकट कोरलेला कोड बघा. ईसीसी८३ ला पहिली ओळ आय६१ किंवा आय६३ अशी, दुसरी बी५डी४ सारखी. बी म्हणजे इंग्लंडातला ब्लॅकबर्न कारखाना, ५ हा सालाचा शेवटचा आकडा, डी म्हणजे एप्रिल, ४ आठवडा. दशक कोडवरून कळत नाही, ते आतल्या बांधणीवरून ठरवायचं. टेलिफंकन म्हणून कुणी दाखवला तर उलटा करा: पिनांच्या मधोमध काचेत चौकट उमटलेली हवी.

त्याआधी बीईएलचे बघा. भारत इलेक्ट्रॉनिक्सनं बंगळूरला १९६१ पासून रिसीव्हिंग व्हॉल्व्ह काढले, आणि जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांच्या डब्यात ते अजून सापडतात. पण न वापरलेला म्हणजे शांत, असं नाही. फोनोच्या पहिल्या जागेसाठी सुरसुर आणि मायक्रोफोनिकपणा (हादऱ्यानं वाजणं) तपासूनच घ्यायचा. परतीची बोली नसेल तर त्यापेक्षा चाचणी करून निवडलेला जेजे कंपनीचा नवा बरा.

मायक्रोफोनिकची परीक्षा: व्हॉल्यूम अगदी कमी, पेन्सिलीच्या रबराच्या बाजूनं हलकी टिचकी. "टुक्" आलं तर ठीक, सगळेच थोडे वाजतात. "टिंऽऽऽग" असं लांबलं तर तो पहिल्या जागेला नको. मिरवणुकीचा डॉल्बी रस्त्यावरून जाताना तर असला व्हॉल्व्ह घरात दुसरी मिरवणूक काढतो. पहिल्या चालूला एखादा जुना व्हॉल्व्ह बुडाशी क्षणभर लखकन पेटला तर घाबरू नका, काही मुलार्डची ती सवयच आहे.

शाहूपुरीकर

सांगितलं तसं केलं. व्हॉल्यूम खाली केला की शांत, सीडीवर शांत, शॉर्टिंग प्लग लावूनही सुरसुर. पहिल्या दोघांची अदलाबदल केली, सुरसुर उजवीकडे गेली. म्हणजे व्हॉल्व्हच. कॅथोडवर १.२२ आणि १.२६ व्होल्ट.

पण टोचणं तसंच आहे, दोन्हीकडे सारखं. इनपुटला ४७ किलोओहमच्या शेजारी १०० पीएफचा (पिकोफॅरड) कॅपॅसिटर दिसतो. केबल आणि टोनआर्म मिळून मीटरवर १३० पीएफ. आणि फिलामेंट रात्री अकराला ६.९ व्होल्ट एसी, तेव्हा भिंतीत २४८.

तबकडी

टोचण्याचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. व्हीएम९५ई ला १०० ते २०० पीएफ हवेत. तुमची केबल १३०, इनपुटचा कॅपॅसिटर १००, आणि तिसरा जो दिसत नाही तो: ईसीसी८३ च्या ग्रिड (सिग्नल आत घेणारं टोक) आणि प्लेटमधले १.६ पीएफ गेनमुळे पन्नासेक पट होऊन इनपुटला दिसतात, इकडचेतिकडचे धरून शंभरेक. बेरीज ३३०. कार्ट्रिजची कॉइल ५५० मिलिहेन्रीची. दोन्ही मिळून १२ किलोहर्ट्झच्या सुमाराला उंचवटा तयार होतो, झांजा नेमक्या तिथंच असतात.

तो १०० पीएफ काढा. उंचवटा १४ किलोहर्ट्झकडे सरकेल आणि कमीही होईल. पहिल्या जागी ५७५१ घातला तर गेन कमी म्हणून आणखी तीसेक पीएफ उतरतात, १५ किलोहर्ट्झ. "५७५१ मुळे आवाज मऊ झाला" असं लोक लिहितात त्यात कितीतरी वेळा ही कपॅसिटन्सच बोलत असते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी कॅपॅसिटर काढून आठवडाभर ऐका, मग व्हॉल्व्ह. दोन्ही एकदम केलं तर कशामुळे काय झालं ते कधीच कळणार नाही.

उद्यमनगर_बेंच

६.९ म्हणजे साडेनऊ टक्के जास्त. दहा टक्क्यांच्या आत आहे, पण रोज असंच राहिलं तर कॅथोड लवकर झिजेल, महागडा व्हॉल्व्ह असो की स्वस्त. आधी ट्रान्सफॉर्मरला २४० चा टॅप आहे का बघा. २२० वर जोडलेला असेल तर जास्त व्होल्टेजचं कारण तेच.

टॅप नसेल तर सकाळी, दुपारी कारखाने चालू असताना आणि रात्री, असं चार दिवस भिंतीतलं व्होल्टेज टिपा. सतत २४० च्या वर राहत असेल तर फिलामेंटच्या दोन्ही तारांत रेझिस्टर घाला. सहा व्हॉल्व्हचे १.८ अँपिअर होतात. प्रत्येक तारेत ०.३३ ओहम ५ वॅटचे दोन पॅरलल, म्हणजे ०.१६५. दोन्ही तारा मिळून सुमारे ०.६ व्होल्ट पडतात, ६.३ वर येतं. एकाच तारेत सगळा घालू नका, तोल बिघडून ५० हर्ट्झची घरघर सुरू होते. हे रेझिस्टर ट्रान्झिस्टर अँपच्या एमिटरला असतात तेच, कोल्हापुरात लक्ष्मीपुरीकडच्या स्पेअर पार्टच्या दुकानात विचारा.

संध्याकाळी २१५ पर्यंत उतरत असेल तर मात्र रेझिस्टर नको. तेव्हा फिलामेंट साडेपाचवर जाईल आणि थंड कॅथोडही वाईटच. तिथं सर्व्हो स्टॅबिलायझर घ्या. रिलेचा नको, टॅप बदलताना कट्ट करतो आणि फोनोत ते ऐकू येतं.

जुना_रेडिओ

तो सुरसुरणारा टाकू नका. तो आत्ता ज्या चॅनलला आहे त्याच्याच दुसऱ्या जागी घाला आणि तिथला पहिल्या जागी आणा. दुसऱ्या जागी ती सुरसुर बहुधा ऐकूही येणार नाही. सध्या खर्च शून्य.